कोंबडीच्या जखमेत चुना-रॉकेल? नको!

‘मुंगसाने धरलेल्या कोंबडीच्या जखमेत चुना-हळद भरा, वरून रॉकेल ओता, दोन दिवसांत टुणटुणीत’ असा मेसेज फिरतो आहे. तसं करू नका. ओला चुना उघड्या मांसाला भाजतो, रॉकेलनेही कातडी पोळते. हळद विषारी नाही, पण खोल जखमेत तिचा गोळा होतो आणि खाली घाण अडकते.

एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घाला, त्याने जखम भरपूर धुवा. आजूबाजूची पिसं कातरा. मग फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) लावा.

खरी गडबड पुढे होते. लोक तिला परत खुराड्यात सोडतात. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथंच टोचत राहतात, आपलीच माणसं म्हणायची! तिला वेगळ्या खोक्यात, उबेला, अंधारात ठेवा. माश्या बसू देऊ नका. अळ्या पडायला एक दिवस पुरतो. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं.

मांजराचा दात लागला असेल तर वरून ठिपकाच दिसतो, आत मात्र जंतू पोचलेले असतात. अशा वेळी पशुवैद्यकच हवा. आणि औषध चालू असताना अंडी खायची की नाही, तेही त्यांनाच विचारा.