भिंत रंगवावी, फुटपाथ सोडावा

तर तुमचं ठरलंय. गल्लीच्या तोंडाशी जो कोपरा आहे, जिथे कुणाच्या तरी फोडलेल्या बाथरूमचा राडारोडा, दार नसलेली विजेची डीपी आणि दोन बेवारस स्कूटर सुखाने नांदतायत, तो कोपरा तुम्ही कलेच्या माध्यमातून लोकांना परत मिळवून देणार. अभिनंदन. पुण्यात असे विचार एक तर निवृत्तीनंतर सुचतात, नाहीतर लेकाकडे ॲमस्टरडॅमला तीन महिने राहून आल्यावर. तुमचं यातलं काय, ते विचारत नाही.

सगळ्यात आधी, फुटपाथला हात लावू नका. सार्वजनिक जागा म्हटलं की भोळ्या माणसाला फुटपाथच आठवतो. पण तिथे कुणाची गाडी असते, कुणाच्या दुकानाची पायरी असते, कुणाची टपरी असते, आणि या सगळ्यांना नातेवाईक असतात. भिंतीवर कोणी गाडी लावत नाही. म्हणून भिंत! सीमाभिंत, पुलाचा खांब, फार तर डीपीचं दार, अशा जिथे माणूस उभाच राहू शकत नाही त्या जागा लोकांना परत मिळवून देणं सर्वांत सोपं. जानेवारी २०२३ मध्ये जी-२० चे पाहुणे येणार म्हणताना शहरातल्या भिंती कशा झरझर रंगल्या ते आठवा. पाहुणे गाडीतून गेले. गाडीतून भिंत दिसते, फुटपाथ दिसत नाही. चित्रकलेचे उपकार मोठे आहेत.

आता काय रंगवायचं? वारली. दुसरा प्रश्न विचारायचा नाही. मधोमध तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा वेढा. मुळात ही चित्रं घराच्या आतल्या भिंतीवर, लग्नाच्या वेळी, गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठीने सुवासिनी काढतात, आणि चित्रातल्या चौकोनी चौकात पालघाट देवी बसते. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्हाला यातलं काही ठाऊक असायची गरज नाही. काड्यांची माणसं कुणालाही जमतात, एवढं पुरे. (म्हशांच्या रेषेचा तोल एकदा नीट पाहिला की असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण भिंत चाळीस फूट आहे आणि स्वयंसेवक रविवारी अकरापर्यंतच मोकळे आहेत.) काही वर्षांपूर्वी कसबा पेठेत कलाकारांनी भिंतीच्या भिंती चितारल्या होत्या, तसलं धाडस करू नका. ती चित्रं बघायला मान वर करावी लागते, आणि मान वर करून चालावं असे फुटपाथ आपल्याकडे नाहीत.

परवानगी मात्र घ्या, कारण तुम्ही सज्जन आहात. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध आपल्याकडे १९९५ चा कायदा आहे. लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी लेखी परवानगीशिवाय काही रंगवणं गुन्हा आहे. चौकातल्या ‘भाऊंना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा’ला तो लागत नाही, असं नाही. पण त्या कायद्याची पाटी बहुधा त्याच फ्लेक्सच्या मागे असावी. तुमचा अर्ज आधी महापालिकेच्या आकाशचिन्ह, म्हणजे जाहिरातफलकांच्या, विभागात जाईल. भिंत आकाशात नाही म्हणून तो पथ विभागाकडे, रस्त्यात नाही म्हणून उद्यान विभागाकडे जाईल, आणि तिथे तुम्हाला झाड कुठाय ते विचारतील. चौथ्या खेपेला क्षेत्रीय कार्यालयातला एखादा भला माणूस आवाज खाली आणून सांगेल, “काका, रंगवून टाका हो. विचारत कशाला बसलात?”

रंगवून झालं की बाकडं येईल. तुम्ही मागा वा न मागा, येईलच. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात, एका कामाला ५ लाखांपर्यंत. तुम्ही सुचवलंत असं कागदोपत्री दिसेलही. पण बाकड्यावर लिहिलेलं असेल, ‘मा. अमुकअमुक यांच्या संकल्पनेतून’. हे नीट वाचा. चार पाय, एक फळी, त्यावर माणूस बसेल, ही ती संकल्पना. ‘विशेष प्रयत्न’ वेगळे, आणि ते करणाऱ्याचं नाव दुसऱ्या बाजूला. नाव पाठीच्या फळीवर का असतं याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. उन्हाळ्यात घामेजल्या सदऱ्याने टेकून बसलो, उठलो, तेव्हा मागून येणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवरचा नवा ऑइलपेंट मोठ्याने वाचून दाखवला. घरापर्यंत प्रचार करत गेलो.

लोकसहभाग कुठून आणायचा याची चिंता नको. रस्ता अडवून तो दहा दिवस लोकांचा करण्याचा अनुभव या शहराला १८९० च्या दशकापासून आहे. जवळच्या मंडळाची पोरं गाठा. शिडी, बांबू, हॅलोजन आणि रात्री दोन वाजता रंग कुठे मिळतो याची माहिती, सगळं त्यांच्याकडे आहे. फक्त त्यांना ‘कम्युनिटी’ म्हणू नका, ती हसतात.

पादचाऱ्यांबद्दल फारच कळवळा आला तर ११ डिसेंबरची वाट पाहा. २०२१ साली त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला, आणि पुढेही ती तारीख पाळली गेली. बैलपोळ्यासारखंच आहे हे. वर्षातून एकदा पादचाऱ्याला ओवाळायचं, झूल घालायची, वाजतगाजत मिरवायचं. दुसऱ्या दिवशी तो आहे आणि त्याचं जू आहे. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ खरंच रुंद झाले, बसायला जागा झाल्या, संध्याकाळी म्हातारीकोतारी तिथे टेकलेली दिसली की बरं वाटतं. पण हा उपरोधिक लेख आहे, तेव्हा तिथून पुढे सरकू.

आता शेवटचा आणि एकमेव उपयोगाचा सल्ला. आमच्या कोपऱ्यावरची भिंत रंगवली तेव्हा कुणीतरी पुठ्ठ्यावर ‘रंग ओला आहे’ असं खरडून सुतळीने टांगलं. तारप्याभोवतीची माणसं दोन दिवसांत वाळली, पुठ्ठा काढायचा राहिला. आठवडाभर त्या भिंतीला चिकटून एकही ॲक्टिव्हा लागली नाही. भाजीवालीने टोपली चार हात लांब ठेवली. आम्ही, म्हणजे खुद्द माणसं, तिथून सरळ चालत गेलो. आठव्या दिवशी एका चौकस गृहस्थांनी भिंतीला बोट लावून पाहिलं, आणि दुपारपर्यंत तीन गाड्या लागल्या.

तेव्हा डबा संपवू नका. दर शनिवारी रात्री तारपेवाल्याला एक हात मारून ठेवा.