खापरांचं पोतं आणि पुराचं खातं

परवा वडापवाल्यानं, म्हणजे शेअर जीपच्या ड्रायव्हरनं, माझ्या पोत्याचं तिकीट घेतलं. माणसाला वीस रुपये, पोत्याला पंधरा. म्हणजे पुरातत्त्वात एम.ए. करणारा मी आणि खताचं एक जुनं पोतं यांच्यात पाच रुपयांचा फरक आहे. घरचे दोन वर्षं हेच सांगत होते, पण इतक्या नेमक्या आकड्यात त्यांना मांडता आलं नव्हतं.

पोत्यात खापरं होती. बारा किलो, तीन गावांची, वेगवेगळ्या पिशव्यांत बांधलेली. प्रबंधाचा विषय पंचगंगेकाठच्या जुन्या वस्त्या. ज्यानं हा विषय सुचवला त्याला कोल्हापुरात ऊस असतो हे माहीत नसावं. उभ्या उसात खापर दिसत नाही. साप दिसतो, तोही उशिरा. ऊस तुटला, पाचट हललं, नांगर फिरला आणि वर एखादा वळीव पडून गेला की ढेकळं विरतात आणि खापरं धुऊन निघून वर राहतात. तेवढीच संधी. पुढची सरी सोडायच्या आत शेतकऱ्याला विचारून रानात शिरायचं आणि पाच-पाच मीटरवर रांग धरून मान खाली घालून चालायचं. काठाचा, बुडाचा, नक्षीचा तुकडा पिशवीत. नुसत्या पोटाचे तुकडे मोजायचे, ताणकाट्यावर वजन करायचं आणि तिथंच ठेवायचे. काठाच्या वळणावरून भांड्याचं तोंड केवढं होतं ते काढता येतं, पोटावरून फारसं काही कळत नाही. (माणसांच्या बाबतीत कोल्हापुरात उलटं आहे.)

प्रत्येक पिशवीत दोन चिठ्ठ्या, एक आत आणि एक बाहेर, त्यावर गाव, गट नंबर, तारीख. लिहायचं पेन्सिलीनं. पेनची शाई ओलीनं पसरते आणि मग दोन हजार वर्षांपूर्वीचं खापर कुठल्या गावचं हे कुणाचा बाप सांगू शकत नाही. घरी आल्यावर मऊ ब्रशनं धुवायचं, पण फुटलेली कड घासायची नाही, कारण उद्या जोड सापडली तर कडेला कड बसली पाहिजे. आतून काजळी धरलेलं खापर धुवायचंच नाही. त्यात कुणीतरी काहीतरी शिजवलेलं असतं. सावलीत वाळवायचं. मग आतल्या बाजूला व्हार्निशचं बोट, त्यावर काळ्या शाईनं बारीक नंबर, वर पुन्हा व्हार्निश. आमच्या गच्चीवर हे सगळं पसरलं की आई वाळवणाला जागा नाही म्हणून कावते, आणि शेजारच्या काकू विचारतात, "अजून तेच का?"

तर वडाप. आंबेवाडीहून कोल्हापुरात गंगावेशीला यायचं होतं. सीटा भरल्याशिवाय गाडी हलत नाही हा नियम सातवाहन काळापासून असावा. ड्रायव्हर टपावर टोमॅटोचे क्रेट बांधत होता.

"पोत्यात काय हाय?"

"खापरं."

"कौलं?"

"नाही, खापरं. मडक्यांची."

"फुटली तर आपली जबाबदारी न्हाई हं."

"फुटलेलीच आहेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पोत्याकडं. "मग न्यायलाईस कशाला?"

तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न येणार आहे.

मागच्या आडव्या सीटवर माझ्या समोर एक आबा होते. पांढरी टोपी, बंडी, गुडघ्यावर काठी. दोन मिनिटं त्यांनी माझं निरीक्षण केलं आणि शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू केलं. कुणाचा? कुठला? लगीन? शेवटी, "शिकतोस काय?"

"पुरातत्त्व."

"काय?"

"पुरातत्त्व, आबा."

गाडीत एकदम शांतता झाली. मेथीच्या पेंढ्या मांडीवर घेतलेल्या मावशींनी मान वळवली. आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि पुढं ओरडले, "आरं, पुराच्या खात्यातला माणूस हाय ह्यो!"

त्यानंतरची वीस मिनिटं मी अजून पचवतो आहे. चिखली-आंबेवाडीच्या माणसाला २०१९ आणि २०२१ ही सालं सांगावी लागत नाहीत, नुसतं 'एकोणीसचा' आणि 'एकवीसचा' म्हटलं की पुरे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीस फुटांना इशारा आणि त्रेचाळीसला धोका, हे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. अशा माणसांत मी पुराचा म्हणून जाहीर झालो.

"आमचं अजून जमा न्हाई बघा," मावशी म्हणाल्या. "शेजारणीचं दोनदा झालंय."

"मावशी, तसं नाही. पुरा म्हणजे प्राचीन. पूर्वीचं."

"पूर्वीचंच म्हणालोय की आमी," आबा म्हणाले. "एकोणीसचा."

यावर पाणिनीलाही उत्तर सुचलं नसतं. इथं गप्प बसायला हवं होतं, पण शिक्षण घात करतं. आबा म्हणाले, पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता. आणि माझ्या तोंडून गेलं, "रंग कसा होता गाळाचा? एकजात होता की मध्ये रेघा होत्या?"

आबांनी गाडीभर विजयी नजर फिरवली. "बघा. पंचनाम्याला आला हुता त्यो सायेब बी असंच इचारत हुता."

आता मी का विचारलं ते सांगतो, कारण गाडीत कुणी सांगू दिलं नाही. खड्ड्याच्या उभ्या भिंतीत पूर ओळखता येतो. वस्तीचा थर गिचमिड असतो. राख, कोळसा, हाडं, खापरं, सारवलेल्या जमिनीचे पापुद्रे. नदीच्या पुराचा थर बहुतेक स्वच्छ, बारीक पोताचा गाळ, माणसाची खूण जवळजवळ नाही, कधी पातळ पातळ पदर. त्याच्यावर पुन्हा राख आणि खापरं सुरू झाली की समजायचं, माणसं परत आली. थरांचे नंबर वरून खाली जातात, एक नंबर आपल्या चपलेखालचा. गोची करतो उंदीर. त्याचं बीळ वेळेत ओळखलं नाही तर गुटख्याची पुडी थेट सातवाहनांच्या थरात सापडते आणि मग सगळ्या थराची साक्ष बाद. म्हणून बिळातली भुसभुशीत माती आधी वेगळी काढायची, वेगळ्या पिशवीत, वेगळ्या चिठ्ठीसह.

एकोणीसचा थर आबांच्या घरातून त्यांच्या सुनेनं चार दिवसांत पाट्या भरभरून काढला. दोन हजार वर्षांनी येणाऱ्याला काही मिळणार नाही. सरकारचंही म्हणणं साधारण तेच असावं.

आबांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी पिशवी, तिच्यातून पंचनाम्याची झेरॉक्स. "वाच. काय लिवलंय ते आमास्नी कुणी सांगत न्हाई."

मी वाचायला घेतलं आणि घाम फुटला.

मला ब्राह्मी येते. अशोकाची ब्राह्मी तर सोपी. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ग म्हणजे घराचं छप्पर, ठ म्हणजे गोल, थ म्हणजे त्याच गोलात ठिपका. प्रिन्सेपनं १८३७ साली ती फोडली आणि तेव्हापासून कुणीही आठ दिवसांत शिकू शकतो. शिकल्यावर कळतं, अक्षरं वाचता आली तरी अर्थ लागत नाही, कारण भाषा प्राकृत आहे. मग प्राकृत. ते मात्र मायाळू आहे. हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान, सप्प म्हणजे साप, आणि संस्कृतातलं ते छळवादी द्विवचन नाही. मग मोडी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, हात न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ याचा भेद नाही, म्हणजे दिन आणि दीन एकच. (आबांच्या बाबतीत बरोबरच आहे.) साल बघावं तर सुहूर सन, आकडे अरबी शब्दांत, इहिदे, इसन्ने, सलास. इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. पुस्तकातून हे डोक्यात शिरायला मला महिना लागला. आबांना एका वाक्यात पटलं असतं.

त्यातून कोल्हापूर. शिलाहार राजांचे इकडचे बरेच लेख कानडीत, म्हणून हळेकन्नड, म्हणजे जुनी कानडी. माझी आजी गडहिंग्लजची, बाजारात फर्डं कानडी बोलते. तिला शिलाहार लेखाच्या चार ओळी वाचून दाखवल्या तर म्हणाली, "हे आमचं न्हवं." आणि शेवटी जर्मन, कारण ब्यूलरनं भारतीय लिपींवरचा ग्रंथ १८९६ साली जर्मनमध्ये लिहिला. त्याचं इंग्रजी भाषांतर आहे हे मला दोन महिन्यांची फी भरल्यावर कळलं.

एवढं सगळं घेऊन मी झेरॉक्सकडं बघत होतो. वरची तारीख लागली. एक शब्द 'भिंत' किंवा 'चिंता' असावा. पुढं एक लांब वळवळ, तिला ना काना ना मात्रा. 'अंशतः' असेल, 'अंततः' असेल, नाहीतर लिहिणाऱ्याला डुलकी लागली असेल. मी हा सगळा प्रकार फार काळजीपूर्वक आबांना सांगितला.

"म्हंजे वाचाय येत न्हाई."

"अडीच हजार वर्षांतलं बाकी सगळं येतं, आबा. हे येत नाही."

"मग शिकलास काय?" त्यांनी झेरॉक्स परत घेतली नाही. "पगार किती?"

इथं मला खरंच राग आला. आबांचा नव्हे. नोकरी कुठं आहे हे कुणीतरी विचारावं अशी माझी फार इच्छा असते आणि कुणी विचारलं की मारावंसं वाटतं. प्राध्यापकीसाठी नेटची परीक्षा द्यायची, विषय क्रमांक ६७. मोठ्या पदांची भरती लोकसेवा आयोगातून, जाहिरात येईल तेव्हा येईल. पीएच.डी. करायची तर पोटासाठी आधी जेआरएफची शिष्यवृत्ती. उत्खननावर काम मिळतं ते हंगामापुरतं, आणि पावसाळ्यात खड्ड्यावर प्लास्टिक टाकून सगळे आपापल्या घरी जातात. मामा म्हणतात, एमपीएससी दे. चुलतभाऊ शिरोलीच्या एमआयडीसीत लागला, त्याची गाडी आली, आणि तो मला दर रविवारी एकच विनोद ऐकवतो, 'काय, हंडा घावला का?' घावला तर उपयोग नाही. १८७८ चा कायदा आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायद्यात अजून दहाच रुपये आहेत.

हे मी मोठ्यानं बोललो असणार, कारण ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "आपल्या कोल्हापूरजवळच्या बीड गावात पावसात सोन्याचे बेडे, म्हंजे जुनी नाणी, घावत्यात म्हणं. तिकडं जायचं की, खापरं कशाला येचतोस?"

शिवाजी पूल आला. डावी-उजवीकडं पाणी, पुढं ब्रह्मपुरीची टेकडी. मला वाटलं, आता तरी इज्जत वाचवावी. सांगितलं की ह्या टेकडीवर १९४५-४६ साली सांकळिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव होतं इथं. रोमशी व्यापार होता. ह्याच टेकडीत काशाची भांडी, आरसा आणि एक लहानशी मूर्तीसुद्धा सापडली आहे, पोसायडनची.

"कुणाची?"

"पोसायडन. ग्रीकांचा समुद्राचा देव. पाण्याचा."

"कुठाय आता?"

"टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये. काचेच्या कपाटात."

आबा बराच वेळ नदीकडं बघत राहिले. मग मावशींकडं वळून खालच्या आवाजात म्हणाले, "पाण्याचा द्येव ह्येंनी कपाटात कोंडून ठेवलाय. मग पूर न्हाई येनार तर काय?"

मावशींनी हात जोडले. कुणाला ते कळलं नाही. माझ्याकडं मात्र त्या गाडीतून उतरेपर्यंत अशा बघत होत्या, जशी काही कपाटाची किल्ली माझ्याच खिशात आहे.

गंगावेशीत ड्रायव्हरनं पस्तीस रुपये मागितले. पोत्याचं कशाला म्हणून मी हुज्जत घातली. आबा माझ्या बाजूनं बोलतील अशी आशा होती. ते म्हणाले, "घे रं त्याच्याकडनं. सरकारचंच हाय." पावती मिळत नाही, त्यामुळं प्रबंधाच्या खर्चात दाखवता येत नाही. प्रबंधाला खर्च मिळतच नाही, तो भाग वेगळा.

झेरॉक्स माझ्याकडंच राहिली. पोतं उपसताना चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात सापडली, मागं पेन्सिलीनं मोबाईल नंबर. पेन्सिलीनं लिहिलंय, म्हणजे आबांना काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. दोन दिवस टेबलावर होती. रात्री भिंग घेऊन बसलो, एक ओळ लागली, 'मागील पडवी पूर्ण'. पुढचं 'पडली' असेल तर आबांना पैसे मिळायला हवेत, 'उभी' असेल तर नाही. शब्द एकच आहे आणि तो झेरॉक्सच्या घडीत गेला आहे.

शेवटी काल एका कचेरीत घेऊन गेलो. मूळ प्रत बघायला मिळेल का, म्हणून विचारायला. टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "तुम्ही कोण?"

सवयीनं तोंडातून गेलं, "पुरातत्त्व."

"पूर दुसऱ्या मजल्यावर," ते म्हणाले. "इथं दुष्काळ."