उडवा पक्षी, मिळवा लाइक

थंडीत अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी टिपायला जायचं ठरवलंत, उत्तम केलंत. आधी कपड्यांचं बघा. हिरव्या-तपकिरी पानांची नक्षी असलेली पँट, तसाच शर्ट, तशीच टोपी आणि लेन्सलाही त्याच कापडाचं झबलं. समोर राखाडी वाळूचा सपाट पट्टा आहे, आडोशाला झुडूप औषधालाही नाही, तुम्ही पार नागावहून दिसताय, हे मनाला लावून घेऊ नका. हा पोशाख पक्ष्यांसाठी नसतोच, शेजारच्या फोटोग्राफरसाठी असतो. लेन्स सहाशे मिलिमीटरची हवी. चारशेवाल्याशी किनाऱ्यावर कुणी धड बोलत नाही. दुर्बीण मात्र घरीच राहू द्या. तिच्यातून नुसतं दिसतं, कार्डावर काही येत नाही.

भरती-ओहोटीच्या वेळा जरूर बघून निघा. ओहोटीला पाणी लांब जातं आणि पक्षी ओल्या पुळणीवर पांगून चरत असतात. एकेकाच्या मागे धावायचं म्हणजे आपलीच दमछाक. भरतीला चरायची जागाच पाण्याखाली जाते. मग कुरव, सुरय, चिखल्या, पाणटिवळे असे सगळे कोरड्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर गोळा होतात. वाऱ्याकडे तोंड करून, कुणी एका पायावर, कुणी चोच पाठीच्या पिसांत खुपसून दाटीवाटीने उभे राहतात. पुढची ओहोटी लागेपर्यंत ही त्यांची विसाव्याची वेळ, म्हणजेच तुमची कामाची.

कारण बसलेल्या पक्ष्याच्या फोटोला हल्ली कोण विचारतो? उडता थवा हवा. एकाने सुरूच्या बनाकडून वळसा घालून पलीकडे जावं आणि टाळ्या वाजवत यावं, बाकीच्यांनी बोट बटणावर ठेवून तयार राहावं. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं टाकत गेलात तर तेवढी टाळ्यांची मेहनतही वाचते. थवा एकदम उठतो, पाण्यावर जाऊन वळतो, वळताना सगळ्यांची पांढरी पोटं एकाच क्षणी चमकतात आणि मग तो घिरट्या घालत पुन्हा त्याच पट्टीवर उतरतो. पहिल्या खेपेला फोटोत कुणाचा पंख कापला गेला असेल, मागे पॅरासेलिंगची छत्री आली असेल. परत उडवा. प्रकाश चांगला आहे तोवर उडवत राहा.

त्या गर्दीत लांब, टोकाला जराशी वर वळलेली चोच दिसली तर तो पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा असू शकेल. याच जातीचं एक कोवळं पिल्लू 2022 च्या ऑक्टोबरात अलास्काहून निघालं आणि 13,560 किलोमीटर उडून 11 दिवसांनी टास्मानियात उतरलं, मध्ये कुठेही न थांबता. अंगावर ट्रान्समीटर होता म्हणून जगाला कळलं. एवढं उडणाऱ्या जातीला आपण किनाऱ्यावर दहादा उठवलं तर काय बिघडतं, हा आपला युक्तिवाद बिनतोड आहे. कुणी शहाणा म्हणेल की ते उड्डाण अंगात साठवलेल्या चरबीवर झालं, आपल्याकडचे पक्षीही उन्हाळ्याआधी उत्तरेला निघण्यासाठी तीच साठवत असतात आणि तुम्ही एकेका टाळीत ती खर्च करवताय. त्याला ग्रुपमधून काढून टाका. मासळी वाळत घालणाऱ्या मावशी म्हणतील, "दादा, आत्ता कुठे टेकलेत, बसू द्या की जरा." त्यांना "मावशी, आम्ही संवर्धनासाठीच करतोय" असं सांगा आणि जाता जाता त्यांचाही एक फोटो काढून घ्या. विचारायची पद्धत नाही.

पक्ष्यांची नावं शिकत बसू नका. हिवाळ्यात हे सगळे भुरे-करडे. त्यांच्यातला फरक कळायला पायांचा रंग, चोचीची लांबी, उडताना पंखावर दिसणारी पट्टी असलं काय काय बघावं लागतं. "आयडी प्लीज" लिहून टाकलंत की रिकामटेकडे लोक रात्रभर भांडून ठरवतात. इथून जवळच किहीमला 1930 साली पक्षितज्ज्ञ सालिम अली सुगरणींची घरटी न्याहाळत महिनोन्‌महिने बसले होते. एक नर एकामागून एक बऱ्याच माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांना तिथे उमगलं. महिनोन्‌महिने! त्यांना काय, रविवारी संध्याकाळची मुंबईची रो-रो बोट गाठायची नव्हती.

थंडी संपली, पाहुणे पक्षी गेले, तरी कॅमेरा कपाटात ठेवायचं कारण नाही. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती खड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे शोधताना एखादं बुटाखाली गेलं तर तो तुमचा दोष नव्हे. उन्हाचा कडाका वाढला की टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. हाच शॉट घ्यायचा. मात्र तो लांबून घेण्यात मजा नाही. अंड्यांपासून पाच पावलांवर ट्रायपॉड रोवा. ती डोक्यावरून घिरट्या घालत कर्कश ओरडेल, झेप घेऊन अंगावर येईल. चोच उघडी, डोळा लालसर, फ्रेम झकास येते. दुपारी बारापासून दोनपर्यंत तिथून हलू नका. अंडी तापतील, पण तेवढ्यात दोनशे-तीनशे फ्रेम सहज होतील. त्यातली सर्वांत ओरडणारी निवडा, "मातृत्व" असं नाव द्या आणि मे महिन्याचा दुसरा रविवार येईपर्यंत राखून ठेवा. मातृदिनाला असे फोटो फार चालतात.