खवले दिसले म्हणून थर सुटत नाहीत

गोव्यात वेर्णा-कुंडईकडच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपांवर चवथीपासून एक मेसेज फिरतोय. सोबत तुटलेल्या ब्रॅकेटचा भिंगातून काढलेला फोटो. मजकूर थोडक्यात असा: 'थ्रीडी प्रिंटिंगचं ॲल्युमिनियम म्हणजे बेबिंका, थरावर थर चिकटवलेला. ॲल्युमिनियम उष्णता लगेच पळवतं, म्हणून थर एकजीव होत नाहीत. झटक्यात गार होतं, म्हणून ठिसूळ. टी-६ केल्याशिवाय ताकद येत नाही. ॲलॉय कुठलाही घ्या, रड तीच.' (ॲलॉय म्हणजे मिश्रधातू; टी-६ म्हणजे तो खूप तापवून, झटक्यात गार करून, पुन्हा मंद तापवून ठेवणं.) मला हा मेसेज पाच जणांनी पाठवला.

आधी बेबिंका, म्हणजे आपलं थराथरांचं गोड. बेबिंकेत खालचा थर भाजून घट्ट झाला की वरचा ओततात. खालचा पुन्हा पातळ होत नाही. इथे होतो. भुकटीचा थर असतो ३० ते ६० मायक्रॉनचा, पण लेझर त्याहून बराच खोल वितळवतो, त्यामुळे खालचे एकदोन थर परत पातळ होतात. हा द्रव बसलेला असतो त्याच धातूच्या घन भागावर. गोठताना त्याला नव्याने स्फटिक सुरू करावा लागत नाही, खालच्याच ग्रेनची (धातूतल्या स्फटिककणाची) रचना तो वर चालू ठेवतो. उष्णता खाली, ज्या प्लेटीवर भाग छापतात तिच्याकडे जाते आणि ग्रेन तिच्या उलट, वर चढत जातात. उभे, लांबट, अनेक थर ओलांडून गेलेले.

असा एक तुकडा मी पॉलिश करून केलरच्या द्रावणात, म्हणजे धातूची रचना उघडी करणाऱ्या आम्लांच्या मिश्रणात, बुडवला होता. सूक्ष्मदर्शकाखाली चोणक माशाच्या अंगावरचे खवले दिसावेत तशी नक्षी. मेसेजवाला यालाच थर म्हणत असणार. पण खवल्याची कड म्हणजे वितळलेल्या डबक्याची सीमा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांना दिशेनुसार रंग दिले की एकाच रंगाचा ग्रेन ती कड खुशाल ओलांडताना दिसतो. हां, कडेवरची रचना जरा जाडी असते आणि तडा तिथून जायला बघतो. उभे छापलेले नमुने पुष्कळदा कमी ताणले जाऊन तुटतात. एवढं मान्य.

आणि तो फोटो? तुटीच्या पृष्ठभागावर गोल गोल दाणे दिसतात, ती न वितळलेली भुकटी. लेझरची ऊर्जा कमी पडली किंवा दोन रेघांमधलं अंतर जास्त ठेवलं की असं होतं. हा दोष सेटिंगचा.

'उष्णता लगेच पळवतं' हे खरं, पण कुठून पळवतं? घन धातूतून. भुकटीची उष्णतावाहकता घन धातूपेक्षा शेकडो पटींनी कमी. म्हणून अधांतरी भागाखाली नुसती भुकटी असली की उष्णता कोंडते, डबकं खोल जातं आणि खालची बाजू खरबरीत येते. सपोर्ट हे नुसते टेकू नव्हेत; कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पाण्याच्या पाटासारखे ते उष्णता वाट काढून नेतात. मेसेजवाल्याला घाबरवायचंच होतं तर आपल्या पावसाळ्याचं नाव घ्यायचं होतं. भुकटीने ओल धरली की हायड्रोजनमुळे आत गोल पोकळ्या राहतात.

ठिसूळपणाचं तर उलटंच आहे. सिलिकॉन मिसळलेलं ॲल्युमिनियम वाळूच्या साच्यात सावकाश गोठलं की सिलिकॉनच्या जाड पट्ट्या होतात. त्या बारीक करायला फौंड्रीवाले सोडियम किंवा स्ट्रॉन्शियम घालतात. लेझरखाली तापमान सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने उतरतं, त्यात सिलिकॉनला पसरायला वेळच मिळत नाही. मायक्रॉनहून लहान कप्प्यांभोवती त्याची बारीक जाळी बनते. म्हणून एएलएसआय१०एमजी (दहा टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असलेलं ॲल्युमिनियम) मशीनमधून निघतानाच ४०० मेगापास्कलच्या आसपास ताण सोसतं. तेच ओतून, टी-६ करून २५०च्या आसपास.

टी-६ मध्ये ५२० अंशांच्या वर तापवलं की ही जाळी तुटून सिलिकॉनचे मणी होतात. तुटण्याआधी धातू जास्त ताणला जातो, पण ताकद उतरते. प्लेटीवरून कापताना भाग पापडासारखा वाकू नये म्हणून आत अडकलेला ताण काढावा लागतो, पण ते काम वेगळं.

ॲलॉयचा मुद्दा सगळ्यात चुकीचा. दहा टक्के सिलिकॉनवाला ॲलॉय थोड्याच अंशांत गोठतो आणि फटी भरायला शेवटपर्यंत पुरेसा द्रव उरतो. ६०६१, ७०७५ ही ॲल्युमिनियमची दुसरी ॲलॉय मात्र तापमानाच्या लांब पल्ल्यात गोठतात. उभ्या ग्रेनमध्ये द्रवाची पातळ पापुद्री उरते, आकसताना ती फाटते आणि तडे जातात. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एचआरएल प्रयोगशाळेने या भुकटीच्या कणांवर झिरकोनियमवाले नॅनोकण चढवले. द्रवात जागोजागी नवे स्फटिक सुरू झाले, उभ्या खांबांऐवजी बारीक, सर्व बाजूंनी सारखे ग्रेन आले आणि तडे पडायचे थांबले.

तर तो ब्रॅकेट कुठल्या ॲलॉयचा, कुठल्या सेटिंगवर छापलेला, हे मी पाचही जणांना विचारलं. चौघांनी उत्तर दिलं, 'फॉरवर्डेड आहे'. पाचव्याने अंगठा दाखवला.