एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर: जुना मॅक, टेलिग्रामवरची फाईल आणि ८०० रुपये

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की, तुम्ही पेनड्राइव्हमध्ये आणलेली एल कॅपिटनची (मॅकच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची) फाईल आम्ही वापरली नाही, ती ‘डॅमेज्ड’ आहे म्हणून सांगितलं, दोन तासांच्या कामाला तीन दिवस लावले आणि ॲपल जे फुकट देतं त्याचे ८०० रुपये घेतले. शिवाय ‘युट्यूबवर पोरं दहा मिनिटांत करतात’ हा टोला आहेच. इथे बाकीचं गिऱ्हाईकही वाचतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘डॅमेज्ड’चं बघू. तो शब्द आमचा नाही, मॅकचा आहे. इन्स्टॉलर सुरू केला की मॅक त्यावरची ॲपलची डिजिटल सही तपासतो, आणि त्या सहीच्या सर्टिफिकेटला मुदत असते. जुन्या इन्स्टॉलरांचं असं एक सर्टिफिकेट २४ ऑक्टोबर २०१९ ला संपलं. ॲपलने नवी सही करून फाईली पुन्हा ठेवल्या, पण त्याआधी उतरवून ठेवलेली अस्सल प्रतसुद्धा तेव्हापासून ‘डॅमेज्ड’ म्हणून अडते. युट्यूबवरचा उपाय म्हणजे मशीनची तारीख मागे नेणे. तो चालतो, खोटं कशाला बोलू? स्वतः ॲपलकडून उतरवलेल्या जुन्या प्रतीला आम्हीही तो वापरतो. तुमची फाईल मात्र टेलिग्रामच्या ग्रुपवरून आलेली, हे तुम्हीच लिहिलंय. फाईल कुठली ते कोणालाच ठाऊक नसताना तारीख मागे नेणं म्हणजे वॉचमनला चहाला पाठवून गेट उघडं टाकणं.

तरी आम्ही ती न बघता बाजूला सारली नव्हती. ॲपल एल कॅपिटन ज्या फाईलीतून देतं, त्या डिस्क इमेजमध्ये एक पॅकेज असतं. त्यावर डबल क्लिक केलं की उघडणाऱ्या विंडोच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, बारीकसं कुलूप दिसतं. त्यावर क्लिक केलं की सही कोणाची ते उघडतं. तुमच्या फाईलीला ते कुलूपच नव्हतं; काउंटरवर स्क्रीन फिरवून तुम्हाला दाखवलं होतं. कुलूप नाही म्हणजे आत व्हायरस आहेच, असं मी म्हणत नाही. कोणीतरी सोय म्हणून पुन्हा पॅक केली असेल. पण ज्या मशीनवर तुमच्या गिऱ्हाइकांच्या पत्रिका आणि बिलं बनतात, त्यावर ‘असेल’च्या भरवशावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आमची तयारी नाही.

हे फार ताणतोय असं वाटत असेल तर २०१५ साली चीनमध्ये काय झालं ते बघा. ॲप बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर एक्सकोड ॲपलच्या सर्व्हरवरून उतरायला फार वेळ लागायचा, म्हणून तिथल्या कितीतरी डेव्हलपरांनी बायडू या चिनी कंपनीच्या क्लाउडवर कोणीतरी ठेवलेली प्रत घेतली. त्या प्रतीत भेसळ होती. तिच्यावर बनलेली ॲप्स, त्यात वीचॅट या चॅटिंग ॲपची एक आवृत्तीसुद्धा, थेट ॲपलच्या ॲप स्टोअरवर जाऊन बसली. प्रोग्रामर लोक होते ते. घाई नडली.

आता तीन दिवस. एल कॅपिटनची फाईल सहा जीबीच्या वर आहे. ती ॲपलकडून उतरवली तरी नव्या मॅकवर ते पॅकेज चालत नाही, ‘या कॉम्प्युटरवर बसणार नाही’ म्हणून नकार देतं. त्याच काळातलं मशीन लागतं. तुमच्या मॅकमध्ये तर नवी कोरी एसएसडी डिस्क, आत काहीच नाही. आम्ही याच कामासाठी २०१२ चा एक मॅक मिनी सांभाळून ठेवलाय. त्याची गंमत अशी की ३० सप्टेंबर २०२१ ला साइट खऱ्या आहेत हे ओळखायला लागणारं एक जुनं रूट सर्टिफिकेट संपल्यापासून त्याच्या सफारी ब्राउझरमध्ये निम्म्या साइट उघडत नाहीत. म्हणून फाईल दुसऱ्या मशीनवर उतरवायची, मिनीवर न्यायची, पॅकेज चालवायचं, मग ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये खरा इन्स्टॉलर येतो आणि त्यावरून टर्मिनलमध्ये कमांड देऊन १६ जीबीचा बूटेबल पेनड्राइव्ह (ज्यावरून मशीन सुरू होतं असा) बनतो. त्यात गुरुवार आला. पुण्यात गुरुवारी लाइट जाते, हे मी तुम्हाला काय सांगू! वर तुमची बॅटरी पार गेलेली, त्यामुळे मशीनचं घड्याळ १ जानेवारी २००१ दाखवत होतं. आधी ते लावलं नसतं तर ॲपलची फाईलही अडली असती.

८०० रुपयांबद्दल. बिल काढून बघा, त्यावर ‘इन्स्टॉलेशन मजुरी’ लिहिलंय, फाईलचा एक पैसा लावलेला नाही. ॲपल या फाईली फुकटच देतं. लायन आणि माउंटन लायन या त्याहून जुन्या आवृत्त्यांना पूर्वी पैसे पडायचे, २०२१ पासून तेही नाहीत. घरी करायचं असेल तर जरूर करा. ॲपल सपोर्टच्या साइटवर मॅकओएस डाउनलोडचं पान आहे. योसेमिटी, एल कॅपिटन, सिएरा या आवृत्त्या तिथून डिस्क इमेज म्हणून मिळतात, हाय सिएरापासून पुढचं ॲप स्टोअरमध्ये उघडतं. ॲड्रेस बारमध्ये ॲपल डॉट कॉम आहे ना, तेवढं बघा. गुगलवर सर्वांत वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका.

विंडोजवाल्यांनीही तेच करावं, फाईल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्यावी. विंडोज ७ मात्र मायक्रोसॉफ्टने डाउनलोडच्या पानावरून काढून टाकलंय, त्यामुळे ‘सेव्हनची फाईल द्या’ म्हणून येणाऱ्यांना आम्ही नाहीच म्हणतो. कोणी रागावलं तरी.

‘मशीन देऊन वर नेटबँकिंग करू नका म्हणतात’ हीही तुमची तक्रार आहे. ते मी आजही म्हणेन. एल कॅपिटनला ॲपलचा शेवटचा सिक्युरिटी अपडेट २०१८ मध्ये आला. तुमचं जुनं लेआउटचं सॉफ्टवेअर आणि स्कॅनर त्यावरच चालतात, म्हणून तेच बसवून दिलं. त्यावर पत्रिका लावा, स्कॅन करा. बँकेचं काम फोनवर करा.

तुमचा पेनड्राइव्ह काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यातलं काही पुसलेलं नाही. आम्ही बनवलेला बूटेबल पेनड्राइव्ह हवा असेल तर पेनड्राइव्हची किंमत तेवढी द्या, मजुरी लावणार नाही. येताना बिल आणा. बॅटरी बदलायची असेल तर आधी फोन करा, मागवून ठेवतो.