मुलांना गोळ्यांची गोडी कशी लावाल?

पोरगं नशेला लागू नये म्हणून बहुतेक आईबाप भलतीकडेच पहारा देत बसतात. कॉलेजबाहेरची पानटपरी न्याहाळतात, रेव्ह पार्टीची बातमी जेवताना मोठ्याने वाचून दाखवतात, एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर) कसं दिसतं याचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. तुम्ही एवढी दगदग करू नका. फ्रिजवर ठेवलेला श्रीखंडाचा जुना डबा तेवढा खाली काढा.

काय काय आहे बघा. आजोबांच्या झोपेच्या गोळ्या आहेत. आजोबा गेले, पण गोळ्यांची मुदत अजून शिल्लक आहे आणि चांगली वस्तू टाकवत नाही. काकांचा खांदा निखळला तेव्हाच्या ट्रामाडॉलची, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकाची, अर्धी पट्टी आहे. खोकल्याचं औषध आहे, झाकणाशी साखर धरलेलं. त्यात कोडीन हे अफूतलं द्रव्य आहे, आणि तशा एका मिश्रणावर केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये बंदीही घातली. पण बाटली त्याआधीची, म्हणजे तिला बंदी लागू नसणार. शिवाय आईची अल्प्राझोलाम, मन शांत करून झोप आणणारी गोळी, जी ती ‘कधीतरीच, घरात कार्य असलं की’ घेते. एकूण ऐवज कमी नाही. आजीच्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आणि हा डबा चौदा वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर, ही वाटणी अगदी योग्य आहे. ती मोडू नका.

या डब्याचा एकच नियम: मोजदाद करायची नाही. पाकिटातली पन्नासची नोट हलली तर तुम्ही घर डोक्यावर घेता आणि कामाला येणाऱ्या मावशींकडे संशयाने बघता. पण परवा भरलेली पट्टी आज रिकामी दिसली तर म्हणायचं, ‘मीच घेतल्या असतील.’ औषधांच्या बाबतीत माणसाने मन मोठं ठेवावं. उरलेल्या औषधांचं काय करावं, याच्या सूचना केंद्राच्या औषध नियंत्रण यंत्रणेने २०२५ मध्ये काढल्या. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या पोटात गेली तर एका डोसातही जीव जाऊ शकतो, अशा १७ औषधांची यादी केली आणि ती सरळ संडासात टाकून पाणी ओता, असं सांगितलं. ट्रामाडॉल त्या यादीत आहे. पण पैसे मोजून आणलेलं औषध कोणी संडासात टाकतं का? काकांना खांदा आणखी एक आहे.

नुसता साठा असून मात्र भागत नाही. मुलावर संस्कार हवेत आणि ते लहानपणापासून हवेत. कुठल्याही अडचणीवर पट्टीत काहीतरी असतंच, हे त्याच्या मनावर ठसलं पाहिजे. बोर्डाच्या पेपरच्या आदल्या रात्री झोप येत नाही? आईच्या पट्टीतली अर्धी द्या. ‘अर्धीने काही होत नाही’ हे वाक्य द्यायला विसरू नका. गोळीचा अंमल सकाळपर्यंत उतरतो, वाक्याचा उतरत नाही. मुलींचं शिक्षण आणखी लवकर सुरू करता येतं. गौरी यायच्या दिवसात तारीख येतेय असं कळलं की आत्या स्वतः मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणते. पोरगी पंधरा वर्षांची. हार्मोनची गोळी आहे, डॉक्टरला विचारावं, असं कोणाच्या मनातही येत नाही, कारण मामला देवाचा आहे आणि सोवळं हार्मोन्सनीही पाळायला हवं. रक्तात गुठळी व्हायची प्रवृत्ती कोणाला आहे, हे आत्याला चेहऱ्यावरून कळतं. शाळेच्या निरोप समारंभाला रंग उजळायला हवा म्हणून तीच आत्या नायट्यावरचं स्टेरॉइडचं मलम चेहऱ्याला सुचवते. अशी १४ स्टेरॉइड मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय मिळू नयेत असा नियम आहे, म्हणून ती दोन ट्यूब एकदमच घेऊन ठेवते. सहा महिन्यांनी कातडी पातळ होऊन चेहरा लालबुंद झाला, तर ‘बघ, तेज आलं’ असं म्हणता येतं.

मुलगा असेल तर जिम. तिथला दादा त्याला मेफेंटरमाइनची ओळख करून देईल. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणायचं हे इंजेक्शन. ते व्यायाम करणाऱ्या पोरांना विकणारी मंडळी पुण्यात पोलिसांनी पुन्हा पुन्हा पकडली आहेत. भूलतज्ज्ञाला ते द्यायचं तर मॉनिटर लागतो, हाताशी माणसं लागतात. जिमच्या दादाला समोरचा आरसा पुरतो. हृदयाचे ठोके वेडेवाकडे झाले तर तो कार्डिओ समजावा.

आता मेडिकलवाल्याकडे वळू. झोपेच्या, ट्रामाडॉलच्या, कोडीनच्या औषधांसाठी १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ नावाची कडक यादी लागू आहे. सुरुवातीला तीत ४६ औषधं होती. पट्टीवर लाल अक्षरात आरएक्स, डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. ट्रामाडॉल तर २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली गेलं. एवढी तटबंदी पाहून घाबरू नका. तिला एक दिंडी दरवाजा आहे आणि तो तुम्हीच इतकी वर्षं उघडा ठेवलाय. पोराच्या हातात रिकामी पट्टी द्यायची आणि म्हणायचं, ‘हे दाखव, आणि म्हणावं बाबांनी सांगितलंय.’ दोन-चार वर्षांत मुलगा पट्टी न दाखवता, बाबांनी न सांगता, ‘बाबांनी सांगितलंय’ म्हणायला शिकतो. मराठी माध्यम असो की इंग्रजी, एवढं पाठांतर सगळ्यांना जमतं.

सगळेच दुकानदार असे समजूतदार नसतात, हेही खरं. एखादा खडूस असतो. चिठ्ठीशिवाय पट्टीला हात लावत नाही, वर पोराला वय विचारतो. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मुलाला अशी नशा आणणारी औषधं देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हे त्या बिचाऱ्याला माहीत असतं. अशा माणसाशी भांडायचं आणि पोरासमोर भांडायचं. ‘वीस वर्षं तुमच्याकडून घेतोय, आम्ही काय गर्दुल्ले वाटलो?’ असं विचारायचं. मग सोसायटीच्या ग्रुपवर ‘अमक्याला फार माज आलाय’ असं लिहायचं आणि दुसरं दुकान धरायचं. या पद्धतीने आपल्या भागातली नियम पाळणारी दुकानं हळूहळू बसवता येतात.

गर्दुल्ल्यांवरून आठवलं. मालेगावात ‘कुत्ता गोळी’चा साठा पकडल्याची बातमी अधूनमधून येते. ती आली की टीव्हीचा आवाज वाढवा, मुलाला शेजारी बसवा आणि म्हणा, ‘काय एकेक वस्त्या असतात!’ पकडलेल्या पट्टीवरचं नाव मात्र वाचायला जाऊ नका. ते अल्प्राझोलाम असतं, आईवालंच. फरक एवढाच की त्या पोराला ती खाल्ल्यावर हवालदार भेटतो आणि आपल्याला फॅमिली डॉक्टर. त्याची ती नशा, आपला तो स्ट्रेस. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १ कोटी १८ लाख लोक शामक औषधं डॉक्टरच्या सल्ल्याबाहेर घेतात, असं त्यात निघालं. एवढे सगळे मालेगावात कसे मावत असतील, हा प्रश्न मात्र सर्वेक्षणाने सोडवलेला नाही.

एवढं केल्यावर फळ मिळणारच. मुलगा दुपारी चारपर्यंत उठत नाही, बोलताना जीभ जड होते, मार्क घसरतात, दप्तरात खोकल्याच्या रिकाम्या बाटल्या सापडतात. यावर पहिला इलाज म्हणजे मोबाईल काढून घेणे. दुसरा, मित्रांना शिव्या घालणे. विशेषतः ज्याचं आडनाव तुम्हाला आधीपासूनच पटत नव्हतं, त्याला. ‘त्याला खोकला फार होतो हो’ हेही चालतं. वासच येत नाही म्हटल्यावर काळजी कसली? दारू पिऊन आला असता तर जिन्यातच कळलं असतं. झोपेची गोळी आणि दारू एकत्र गेली, किंवा गोळी आणि कोडीन, तर श्वास मंदावत मंदावत थांबू शकतो, आणि हे इतकं शांतपणे होतं की शेजारच्या खोलीतल्या माणसाला घोरणं ऐकून बरंच वाटतं. (इथे मला थट्टा पुढे रेटवत नाही, पण हा परिच्छेद काढला तर लेख खोटा होईल.)

समजा सगळं उघडकीला आलं. मग त्याच रात्री सगळ्या पट्ट्या फेकून द्या, मुलाला खोलीत कोंडा आणि आजपासून बंद म्हणजे बंद, अशी शपथ घ्यायला लावा. महिनोन् महिने घेतलेली झोपेची गोळी अशी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर ती हळूहळू कमी करत आणतात. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे रिसेप्शनवर नाव सांगायचं, आणि रिसेप्शनवरची बाई तुमच्या मेहुणीच्या ओळखीची. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन फुकट आहे, यावरूनच तिची पायरी ओळखा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, पण तिथे गेलात आणि सोसायटीतलं कोणी भेटलं तर? तेही त्यांच्या मुलाला घेऊनच आलेले असतील, हा विचार त्या क्षणी सुचत नाही.

तरीही शेवटी कोणीतरी ओढून तुम्हाला डॉक्टरांसमोर बसवेलच. मुलाला बाहेर थांबवून ते आधी तुम्हालाच विचारतील, घरात झोपेच्या गोळ्या कोण घेतं, किती वर्षं, कोणाच्या चिठ्ठीवर. अशा वेळी बायकोकडे बघू नका. तीही तुमच्याकडे बघत असेल. घड्याळ बघा, गाडी नो पार्किंगमध्ये लावलीय म्हणून सांगा आणि जाता जाता डॉक्टरांना विचारून घ्या, हल्ली पोराचं अभ्यासात लक्ष नसतं, त्यावर एखादी चांगली गोळी आहे का.