आधी कुर्त्याचं पेपर कटिंग, ब्लाउज नंतर

झबलं-टोपडं, परकर आणि तिथून थेट कटोरी ब्लाउज, हा शिवणक्लासांचा ठरलेला क्रम. माझ्या मते तो उलटा आहे. ब्लाउज अंगाबरोबर बसणारा, त्याचे तुकडे जास्त, आणि पाव इंच चुकलं तरी लगेच दिसतं. सगळ्यात कमी चुका माफ करणारा कपडा शिकाऊ हातात आधी द्यायचा, आणि मग "मला काही शिवण जमत नाही" म्हणून मशीन कायमचं झाकून ठेवायचं, असं घरोघरी झालेलं आहे.

रोज कुर्ताच घालायचा असेल तर आधी कुर्ताच शिवा. त्यातही प्रत्येक वेळी कापडावर नव्याने खडूने आखत बसू नका. खाकी कागदावर एकच कटिंग, म्हणजे कापायचा साचा, करा, ते अंगाला नीट बसेपर्यंत दुरुस्त करा आणि पुढची काही वर्षं कुर्ते, आखूड टॉप, गाऊन सगळं त्यावरूनच काढा. वर्तमानपत्राची रद्दी फुकट असते हे खरं, पण फिक्या कापडाला तिची शाई लागते.

आता मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो बगलेचा गोल काप. हात वर केला की अख्खा कुर्ता वर चढतो आणि बाही दंडात काचते, ही सर्वांची तक्रार. त्यावर सल्लाही ठरलेला: मुंढा मोठा कर. इथेच घोळ होतो. मुंढा जितका खोल, तितका बाहीचा जोड बगलेपासून खाली जातो, आणि हात उचलला की तो बाजूची शिलाई धरून सगळा कुर्ता वर ओढतो. मुंढ्याचा तळ बगलेच्या साधारण एक इंच खाली असावा, बस. क्लासच्या वहीत मुंढा छातीवरून काढतात. छातीचा सहावा भाग अधिक एक इंच, हे त्यातलं एक सूत्र. 36 छातीला 7 इंच येतात, चालून जातं. 46 ला मात्र पावणेनऊच्या आसपास जातं. छाती दहा इंचांनी जास्त म्हणून खांदा ते बगल हे अंतर त्या हिशेबाने वाढत नसतं. जुन्या सरळ कापाच्या सदऱ्यांना बगलेत चौकोनी तुकडा असायचा, तो उगाच नव्हे. मुंढा न वाढवता हात हलायला जागा देण्याची ती सोय होती.

मुंढा दुरुस्त केला की बाही तपासायची. टेप कडेवर उभी धरून मुंढ्याचा पूर्ण घेर मोजा आणि बाहीची वरची गोलाईही मोजा, दोन्ही शिलाईच्या रेषेवर. सुती कुर्त्याला बाही अर्धा ते एक इंच जास्त असावी. दोन इंच जास्त निघाली तर खांद्यावर चुण्या पडणारच. मग शिलाई कितीही वेळा उसवा.

पॅटर्न (तयार कागदी कटिंग) विकत घेणार असाल किंवा इंटरनेटवरून उतरवणार असाल, तर छातीच्या मापावर साईझ निवडू नका. दोन मापं घ्या: एक बगलेतून छातीच्या वरच्या बाजूने, दुसरं पूर्ण छातीचं. बरेचसे परदेशी पॅटर्न या दोन्हींत दोन इंचांचा फरक धरून केलेले असतात. समजा वरचं माप 35 आणि पूर्ण 39 आहे. 39 चा पॅटर्न घेतलात तर छाती बसेल, पण खांदे उतरतील आणि गळा पुढून सुटेल. त्याऐवजी 37 चा घ्या, खांदे-गळा जागेवर बसेल. उरलेले दोन इंच फक्त पुढच्या भागात घाला. कागदावर अर्धाच भाग असतो, म्हणून तिथे एक इंच.

ते असं. कागदावर छातीचा बिंदू मारा. त्यातून तीन रेषा काढा: एक सरळ खाली घेरापर्यंत (कुर्त्याच्या खालच्या कडेपर्यंत), एक मुंढ्याच्या खालच्या भागाकडे, एक बाजूच्या टक्सच्या (बाजूच्या शिलाईतून छातीकडे येणाऱ्या निमुळत्या चुणीच्या) मधोमध. घेराकडून बिंदूपर्यंत आणि तिथून मुंढ्याकडे कापत जा, पण मुंढ्याच्या शिलाईरेषेवर कागद किंचित जोडलेला ठेवा. टक्सची रेषा बाजूकडून आत कापा, बिंदूशी जोड तसाच राहू द्या. आता उभी फट एक इंच उघडा, दोन्ही कडा समांतर. टक्स आपोआप रुंद होतो आणि बाजूचा तुकडा खाली उतरतो. मध्याकडचा तुकडा कमरेखाली आडवा कापून तेवढाच खाली सरकवा, मागून कागद चिकटवा. टक्सचं टोक बिंदूच्या एक इंच अलीकडे थांबवायचं. बिंदूपर्यंत नेलं तर तिथे टोक उभं राहतं आणि इस्त्रीनेही बसत नाही.

छापायच्या पॅटर्नवर मापाचा चौकोन असतो. प्रिंट 100 टक्क्यांवर काढा आणि तो चौकोन पट्टीने मोजूनच पुढे जा. मार्जिन, म्हणजे शिलाईसाठी कडेला धरलेली जागा, तीही वाचून घ्या. अमेरिकन मोठ्या कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये सहसा पाच अष्टमांश इंच मार्जिन धरलेलं असतं. बुर्डा या जर्मन शिवणमासिकातल्या पॅटर्नला ते नसतंच, आपण सोडायचं असतं. हे न बघता कापलं की कुर्ता एक साईझ लहान.

पहिला कुर्ता चाचणीचा, मांजरपाटाचा (कोऱ्या सुती कापडाचा). लांब टाक्याने जोडा, घाला, आरशात सुरकुत्या बघा. मानेखाली पाठीवर आडवी घडी पडली तर खांदे पॅटर्नपेक्षा सरळ आहेत. गळ्यापासून बगलेकडे तिरक्या रेघा आल्या तर उतरते आहेत. दुरुस्ती लगेच कागदावर उतरवा, नुसती मांजरपाटावर ठेवू नका.

कापडाचा हिशेब सोपा आहे. 42 इंच उंची, 2 इंच दुमड, म्हणजे 44. पुढचा आणि मागचा मिळून 88 इंच, सव्वादोन मीटरच्या थोडं आत. 44 पन्ह्यात (कापडाच्या 44 इंच रुंदीत) घेर 25 इंच गेला तरी बाजूला 19 इंचांची पट्टी उरते, त्यात पाऊण बाह्या आणि गळपट्टी निघते. तरी अडीच मीटर घ्या, कारण सुती कापड मीटरमागे तीन-पाच सेंटीमीटर सहज आटतं. कापण्याआधी ते भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. उभा धागा काठाला समांतर ठेवा. हाताने छापलेल्या कापडावर नक्षीवर विश्वास ठेवू नका. नक्षी आणि धागा यांचं जमलेलं असेलच असं नाही. धागा वाकडा राहिला तर दोन धुण्यांत बाजूची शिलाई पोटावर येते.

गळा कापला की लगेच कडेपासून पाव इंच आत एक टीप मारून ठेवा, नाहीतर हाताळताना तो ताणत जातो. मग सव्वा इंचाची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी किंचित ओढून लावा, गोलाईवर कात्रे (छोटे काप) द्या, पलटा.

खिसा हवाच, आणि इथे विकतच्या कुर्त्यांची गोची असते. खांद्यापासून कंबर साधारण 15 इंचांवर, आणि बाजूचा कट 22 च्या आसपास सुरू होतो. मध्ये सात इंच. साडेसहा इंचांचं तोंड बसतं, पण पिशवी कटातून बाहेर डोकावते. कट 25 वर न्या आणि पिशवीचं टोक पुढच्या बाजूला तिरकं वळवा.

मशीनचं थोडक्यात: मलमलला 11 नंबर सुई, कॅम्ब्रिक-पॉपलिनला 14, जाड खादीला 16. इंचाला दहा टाके. खाली दोऱ्याचे गुंते झाले की लोक बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. कापड दाबून धरणारा पाय वर उचलून पुन्हा ओवा.

तयार कागदावर तारीख, मापं, उभ्या धाग्याचा बाण आणि "मार्जिन धरून" किंवा "मार्जिन सोडून" हे ठळक लिहा. आणि हेच कटिंग होजियरीवर वापरू नका. ते कापड ताणतं, त्याला इतका सैलपणा लागत नाही, त्याचा कागद वेगळा.